बिनबैलाची बाग

माणूस किती सुसंस्कृत आहे हे तो काय खातो यावरून ठरत नाही; जे खाता येत नाही त्याला तो किती जपतो यावरून ठरतं, असं महादेवराव पांढरीपांडे यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी एका रविवारी आपल्या ओसरीवर बसून मांडायला घेतलं. पण ताटलीतल्या शेवटच्या अळूवडीकडे शेजारच्या रुपरावांचा हात चालला आहे हे लक्षात आल्यामुळे ते अर्धवट राहिलं.

महादेवराव सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत सुपरिंटेंडंट होते. धरमपेठेत त्यांचं घर होतं आणि घराला लागून नझुलाची मोकळी जागा. जागा सरकारची, पट्टा महादेवरावांचा आणि मुदत दर वर्षी वाढवून घ्यायची, अशी व्यवस्था होती. त्या जागेत त्यांची शोभेच्या झाडांची नर्सरी होती. नाना रंगांचे क्रोटन, फर्न आणि पाम कुंड्यांमधून हारीने मांडलेले असत. प्रत्येक कुंडीला पितळी पट्टी आणि पट्टीवर लॅटिन नाव. साहेबलोकांच्या बंगल्यांत त्यांचे क्रोटन विकत जात, थोरामोठ्यांच्या लग्नांत कुंड्या भाड्याने जात, आणि जाताना प्रत्येक कुंडीबरोबर महादेवरावांचं एक छोटंसं व्याख्यान फुकट जाई. कचेरीत ते दुसऱ्यांच्या सहीसाठी कागद तयार करत. नर्सरीत मात्र जे काही होतं ते त्यांच्या स्वतःच्या नावावर होतं, जमीन सोडून.

युद्धाचं चौथं वर्ष चालू होतं. धान्य महागलं होतं आणि सरकारला मोकळी जमीन दिसली की भूक लागत होती. एक परिपत्रक काढायचं ठरलं आणि त्याचा कच्चा मसुदा नेमका महादेवरावांच्या टेबलावर आला. नझुलाच्या जागेवर अन्नधान्य किंवा भाजीपाला न लावता नुसतं गवत आणि झुडपं ठेवणाऱ्यांचे पट्टे रद्द होतील, असं त्यात होतं. महादेवरावांना वाक्य ओकंबोकं वाटलं. उभ्या नोकरीत त्यांनी एकही वाक्य अर्ध्या कपड्यांत बाहेर जाऊ दिलं नव्हतं. त्यांनी 'गवत, झुडपं' यांच्यापुढे 'व शोभेची झाडं' असं घातलं, वाक्य एकदा मोठ्याने वाचलं आणि समाधानाने कागद वर पाठवला.

पावसाळ्याच्या तोंडाशी ते वाक्य छापील होऊन त्यांच्याच घरी आलं. सोबत नोटीस होती. सप्टेंबरातल्या अमुक तारखेला नझूल अधिकारी जागेची पाहणी करतील. जागेवर खाण्याजोगं उभं पीक दिसलं नाही तर पट्टा रद्द. नोटिशीची भाषा निर्दोष होती, याचा महादेवरावांना विशेष त्रास झाला.

बातमी कुंपणापलीकडे जायला वेळ लागला नाही. सगळ्यांत आधी रुपराव आले. रुपराव काटोलकडचे. तिकडे त्यांची शेती होती, धरमपेठेत घर होतं आणि दोन्हीकडे मत होतं.

"तूर लावा," रुपराव म्हणाले. "तुरीले काही पाहा लागत नाही. टाकली का येते."

"तूर? धरमपेठेत? रस्त्यावरून दिसेल ना ती!"

"दिसू द्या ना गा. तूर काय नागडी राह्यते?"

मग समोरचे गणपतराव आले. हे निवृत्त सबजज्ज. नोटीस त्यांनी चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली आणि कायद्यात 'शोभेचं झाड' याची व्याख्याच नाही असं जाहीर केलं. "क्रोटन हीच पालेभाजी आहे असा पवित्रा घ्या," ते म्हणाले. "सिद्ध करायची जबाबदारी मग सरकारवर जाते."

"आणि सरकारने खाऊन दाखवा म्हटलं तर?"

"तर पट्टेदाराने खायचं. तेवढं करावं लागेल."

क्रोटनचं पान बकरीसुद्धा तोंडात धरून परत टाकते हे महादेवरावांनी पाहिलं होतं. त्यांनी गणपतरावांना चहा दिला आणि विषय बदलला.

अखेर त्यांनी स्वतःच्या डोक्याने तोड काढली. सरकारला भाजी हवी ना, भाजी देऊ; पण ती पांढरीपांड्यांच्या पद्धतीने देऊ. त्यांनी कचेरीतल्या रंगीत पेन्सिली आणून आराखडा काढला. कडेने लाल माठाची किनार, मधोमध कोथिंबिरीचं वर्तुळ, भेंडीची रांग कुंपणासारखी, फाटकावर दोडक्याची कमान, तिच्यातून झुंबरासारखी लोंबणारी पडवळं, आणि नळाच्या पाण्याच्या वाटेवर अळू. पाहणाऱ्याला बाग दिसावी आणि अधिकाऱ्याला पीक. सप्टेंबरात पट्टा वाचला की माठ उपटून क्रोटन परत आपल्या गादीवर, असा बेत होता.

तोवर क्रोटनांना कुठेतरी ठेवायला हवं होतं. महादेवरावांनी कुंड्या शेजारीपाजारी सांभाळायला दिल्या. मुलगी सासरी पाठवताना करतात तशा सूचना प्रत्येक कुंडीबरोबर केल्या. रुपरावांनी आपल्या वाट्याच्या कुंडीभोवती एक फेरी मारली.

"याले खाता येते काय?"

"नाही."

"वास?"

"नाही."

"फूल लागते?"

"सांगण्यासारखं नाही."

"मंग हे करते काय?"

"असतं," महादेवराव म्हणाले, आणि घरी गेले.

आता जमीन खोदायची होती. त्यांचा माळी कामठीच्या छावणीत जास्त पगारावर गवत कापायला गेला होता. रुपरावांनी उदारपणे काटोलची बैलजोडी आणि वखर देऊ केला. बैल आले, पण फाटक होतं कुंडी घेऊन एक माणूस जाईल एवढं. एका बैलाने मान घातली, पितळी पट्ट्यांचा ढीग हुंगला आणि तो मागे सरला. गणपतरावांनी कुंपण पाडण्याचा सल्ला दिला. कुंपण त्यांचं नव्हतं. बैल रस्त्यावर उभ्याउभ्या अर्धा दिवस घालवून काटोलला परत गेले आणि महादेवरावांनी धोतर खोचून कुदळ हातात घेतली.

हे काम त्यांनी खरंच केलं. कचेरीतून आल्यावर रोज संध्याकाळी, उघड्या अंगाने, तोंडाने हुं हुं करत. तळहाताला फोड आले, ते फुटले आणि पुन्हा आले. कचेरीत लिहिताना ते हात जरा वर धरत, म्हणजे विचारणाऱ्याला विचारता यावं. कोणी विचारलं की सांगत, "या जमिनीला बैलाचा खूर लागलेला नाही. ढेकूळ अन् ढेकूळ या हातांनी फोडलंय." हेच त्यांनी ओसरीवर सांगितलं, टपालवाल्याला सांगितलं, दत्ताच्या देवळात सांगितलं. रुपरावांच्या पत्नी रुखमाबाई कुंपणापलीकडे तांदूळ निवडत असत. त्यांनी ते निदान दहा वेळा ऐकलं. महादेवराव जरा मोठ्यानेच बोलत.

पाऊस वेळेवर झाला आणि बाग अशी आली की रुपरावसुद्धा चार दिवस गप्प होते. माठ रक्तासारखा लाल, अळूची पानं सुपाएवढी. रस्त्याने जाणारे टांगे हळू होत. अधिकाऱ्यावर छाप पडावी म्हणून महादेवरावांनी मधल्या वाफ्यात लाल माठाचाच इंग्रजी व्ही काढला. दोस्त राष्ट्रांच्या विजयाची ही खूण तेव्हा सरकारी भिंतीभिंतींवर होती; ती भाजीत काढणारा मध्य प्रांतात आपणच पहिले, असा त्यांचा अंदाज होता. काही संध्याकाळी तर कुंड्या परत आणायच्या आहेत हे ते विसरून जात.

एकच नियम होता. काही तोडायचं नाही.

"आपल्या दारात भेंडी लागलीय," त्यांच्या पत्नी यमुताई म्हणाल्या, "आणि मी बर्डीवरून भेंडी मागवू?"

"ती पाहणीची भेंडी आहे."

"जून होऊन राहिली हो ती."

"होऊ दे. जून झाली तरी उभं पीक असतं. तोडली की नुसती भाजी."

यमुताईंनी सीताबर्डीच्या बाजारातून भेंडी मागवली. ती किडकी निघाली. त्यांनी ती काही न बोलता शिजवली आणि काही न बोलता वाढली. महादेवरावांनी ती फार बोलत खाल्ली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. महादेवरावांच्या आयुष्यात तारखा इंग्रजी होत्या आणि यमुताईंच्या आयुष्यात तिथी. दोघांचा संसार इतकी वर्षं सुखाने चालला होता, कारण दोघांनीही एकमेकांच्या पंचांगात ढवळाढवळ केली नव्हती. नोटिशीतली तारीख महादेवरावांना पाठ होती. ती भाद्रपद शुद्ध षष्ठीला येते, म्हणजे तिच्या आदल्या दिवशी ऋषिपंचमी असते, हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. आणि ऋषिपंचमीला बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत हे त्यांना लहानपणापासून माहीत असलं, तरी सुपरिंटेंडंट झाल्यापासून त्यांनी त्यावर विचार केला नव्हता. पंचमीच्या आदल्या दिवशी गणपती बसले तेव्हाही त्यांचं लक्ष भेंडीच्या रांगेत होतं.

बायका मात्र दर वर्षी विचार करत. बाजारात भाजीवाल्या 'बिनबैलाची आहे बाई' म्हणून शपथेवर सांगत. पण सांगायला काय जातं? त्या दिवशी दुप्पट भाव घेऊन नांगरटीचीच भाजी गळ्यात मारतात हा संशय धरमपेठेत फार जुना होता. यंदा मात्र बिनबैलाची भाजी कुठे आहे, ती कोणी खोदली, खोदणाऱ्याच्या हाताला किती फोड आले, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. खोदणारा बी.ए. होता. शंकेला जागाच नव्हती.

पंचमीच्या दिवशी महादेवराव कचेरीत गेले ते उद्याची पाहणी किती वाजता आहे हे नक्की करायला. संध्याकाळी परत आले, फाटकातून आत शिरले आणि चुकून दुसऱ्याच्या घरी आलो की काय असं त्यांना वाटलं. कमानीवर नुसता मांडव होता. कोथिंबिरीच्या वर्तुळात माती होती. भेंडीच्या रांगेत दांडे उभे होते, पानांसकट कोणीतरी ओरबाडलेले. व्हीची एक बाजू गेली होती. दुसरी होती, पण शेंड्याकडून निम्मी.

"अगं," ते दारातूनच म्हणाले, "बाग कुठे आहे?"

"ऋषीला दिली," यमुताई आतून म्हणाल्या. त्यांचा आवाज दोन महिन्यांत इतका प्रसन्न नव्हता. "पहाटे रुखमाबाई आल्या. म्हणाल्या, 'यमुताई वं, तुमच्या घरच्यांनी बैल न लावता खोदलं म्हणते. चार पानं दे वं ऋषीले.' आजच्या दिवशी दारातल्या सवाष्णीला नाही म्हणायचं का?"

"चार पानं ना? चारच ना?"

"त्यांनी चारच घेतली. मग त्यांच्या जावेने घेतली. मग गणपतरावांकडच्या. मग गोकुळपेठेतून बायका आल्या. दुपारी एक टांगा आला, त्यातल्या मला ओळखीच्या नव्हत्या, पण बिचाऱ्या हळद-कुंकू लावून गेल्या."

उभ्या जन्मात कचेरीची शुद्ध भाषा बोललेले महादेवराव आजोळच्या भाषेत ओरडले, "काहून दिलं वं? मले विचारायचं तं होतं!"

"बैल लागला नाही हे गावभर कोणी सांगितलं?"

"मी खोदकामाबद्दल बोलत होतो!"

"त्याही त्याबद्दलच बोलत होत्या."

रात्री पानात ऋषीची भाजी होती. माठ, अळू, भेंडी, दोडका, पडवळ, सगळं एकत्र, बिनफोडणीची. आपला पट्टा आपण घासाघासाने गिळतो आहोत ही जाणीव महादेवरावांना होती. भाजी चांगली झाली होती असं ते काही म्हणाले नाहीत. दोनदा मागून घेतली.

सकाळी शेजार मदतीला धावला. रुपरावांनी काटोलचा एक लाल भोपळा आणून दोडक्याच्या मांडवाखाली ठेवला आणि वेलाचं टोक त्याच्यावर टाकलं. "घ्या. पीक," ते म्हणाले. गणपतराव कोट घालून आले होते. खाल्लेलं पीक हे कायद्याने उभंच समजलं जावं, अशी बाजू त्यांनी रात्रभरात तयार केली होती. महादेवरावांनी उरलेल्या माठाच्या दोन-चार काड्या व्हीच्या रिकाम्या बाजूला खोचल्या. त्या उन्हाने लगेच माना टाकून पडल्या.

नझूल अधिकारी दुबेसाहेब जबलपूरकडचे होते, कमी बोलणारे आणि जास्त पाहणारे. सोबत लाल पट्टा बांधलेला चपराशी होता. साहेबांनी जागेला एक पूर्ण चक्कर मारली. महादेवराव अर्धं पाऊल मागे राहून चालत होते, एरवी त्यांच्या मागे गिऱ्हाईक चालत असे तसे.

"फसल कहाँ है?"

"होती, साहेब. काल होती."

साहेब मांडवाखाली थांबले. "तोरई की बेल में कद्दू?"

रुपरावांनी आकाशाकडे पाहिलं.

"और ये क्या है?" साहेबांनी छडीने व्हीची उरलेली बाजू दाखवली. विजय, असं म्हणायचं महादेवरावांनी महिनाभर ठरवलं होतं. "माठ," ते म्हणाले.

साहेबांनी खिशातून पेन्सिल काढली. महादेवरावांना ती पेन्सिल कागदाला टेकताना दिसत होती, जागा जाताना दिसत होती, आणि परक्या ओसऱ्यांवर बसलेले आपले क्रोटन तिथेच म्हातारे होताना दिसत होते.

तेवढ्यात कुंपणावरून रुखमाबाईंचा आवाज आला. "साहेब, पीक होतं जी! देवाशपथ होतं. आम्हीच खाल्लं."

"आप लोगों ने खा लिया?"

"ऋषीले लागते ना जी. बिनबैलाचं."

"इसका कोई सबूत?" साहेब म्हणाले. गणपतराव पुढे सरसावले, पण त्यांच्याआधी मागून चपराशी म्हणाला, "हुजूर, अरबी के, वो अळू के पत्ते उधर थे. नल के पास. बहुत बढ़िया थे."

साहेब वळले. "तुमको कैसे मालूम?"

चपराशाने आपल्या बुटांकडे पाहिलं. "कल माताजी के वास्ते... सारी बर्डी घूम लिया, हुजूर. माताजी बोलीं, बिना जोती जमीन का ही चाहिए. तो इधर माईजी ने झोली भर दी."

जबलपूरहून आलेल्या साहेबांच्या मातोश्रींनी काल पंचमी केली होती आणि संध्याकाळी साहेबही त्याच पंगतीला बसले होते, हे सगळ्यांना एकदम समजलं. साहेबांनाही.

"माताजीले आवडली का जी भाजी?" रुखमाबाईंनी विचारलं.

"हाँ," साहेब म्हणाले. पेन्सिलीचं टोक तपासत म्हणाले, "नमक कम था."

मग त्यांनी गंभीरपणे पेन्सिल चालवली. जमीन सपाट, साफ, रस्त्यालगत. पीक: काढणी झाली. पट्टा मुदतीपर्यंत कायम. गणपतरावांनी मांडायला आणलेली बाजू त्यांनी तशीच कोटात घालून घरी नेली आणि त्यांचा तो दिवस खराब गेला.

पट्टा वाचला. महादेवराव त्याच संध्याकाळी कुंड्या परत आणायला निघाले. गणपतराव आपल्याकडच्या फर्नमध्ये रोज सकाळी चूळ टाकत होते. फर्न गेला होता, कुंडी स्वच्छ होती. रुखमाबाईंनी पामला एक टोक बांधून कपडे वाळत घालायची दोरी केली होती. "हे नेलं तं लुगडी कुठं वाळू घालू जी?" त्यांनी विचारलं, आणि सकाळीच साक्ष दिलेल्या बाईचा पाम महादेवरावांनी तिथेच ठेवला. रुपरावांनी आपला क्रोटन लेकीच्या सासरी पाठवला होता. "तिची सासू इचारते याले खाता येते काय," ते म्हणाले. "म्या सांगितलं, असते."

पाच-सहा कुंड्या तेवढ्या परत आल्या. त्यांतल्या क्रोटनांना पानांपेक्षा देठ जास्त होते. महादेवरावांनी त्यांच्या फांद्या छाटल्या, ओल्या वाळूत लावल्या आणि जिकडे तिकडे सोडलेल्या झाडांच्या फांद्या मागून आणून त्यांत भर घातली. संक्रांतीपर्यंत बहुतेक सगळ्यांना पानं फुटली. मोकळ्या जमिनीवर नव्या कुंड्यांची हार पुन्हा लागली, पट्ट्या पुन्हा घासून झाल्या. यमुताईंनी एका कोपऱ्यात भेंडी लावू का म्हणून विचारलं. महादेवरावांनी विचार करून हो म्हटलं.

मार्चअखेर पट्ट्याची मुदत संपली. दुबेसाहेबांची बदली छिंदवाड्याला झाली होती. नव्या अधिकाऱ्याने जुना शेरा वाचला, सपाट, साफ, रस्त्यालगत, आणि मुदत वाढवली नाही. एप्रिलात त्या जागेवर रेशनच्या धान्याचं गोदाम बांधायला घेतलं. त्याला पत्र्याचं छप्पर आहे. शोभेचं म्हणून काही नाही.